फायबरच्या योजनेत 'मोफत' मिळणाऱ्या ओटीटीचे पैसे नेमके कोण भरते?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
आम्ही केबल बंद करून फायबरची जोडणी घेतली असून तिच्यासोबत काही ओटीटी सेवा वेगळे पैसे न देता मिळतात. आई दुपारी मराठी मालिका पाहते, मुलगा क्रिकेट पाहतो. त्या कंपन्यांना आम्ही थेट रुपयाही देत नाही. मग मालिकांची निर्मिती आणि सामन्यांचे हक्क त्यांना परवडतात कसे?

उत्तर १ (ऐरोली):
पैसे आपणच भरता, फक्त ते इंटरनेटच्या बिलातून जातात. इंटरनेट कंपनी ओटीटीला घाऊक दराने मोबदला देते आणि ओटीटीलाही तो सौदा पटतो, कारण एकेक ग्राहक मिळवण्याचा आणि दर महिन्याला टिकवण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. शिवाय मालिका एकदा तयार झाली की ती लाखाने पाहिली काय आणि कोटीने पाहिली काय, निर्मितीखर्च तोच राहतो. वाढतो तो सर्व्हर आणि बँडविड्थचा. म्हणूनच नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१मध्ये भारतातील बेसिक योजना ४९९ रुपयांवरून १९९ रुपयांवर आणली.

उत्तर २ (घोडबंदर रोड, ठाणे):
क्रिकेटचे गणित मात्र निराळे आहे आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे भारतातील डिजिटल हक्क वायाकॉम१८ने २०,५०० कोटी रुपयांना घेतले, म्हणजे सामन्यामागे ५० कोटी रुपये पडले. एवढी रक्कम केवळ वर्गणीतून निघणे अवघड असल्याने २०२३मध्ये वायाकॉम१८च्याच जिओसिनेमा या ओटीटीने सामने मोफत दाखवले आणि जाहिरातींवर भिस्त ठेवली. या जाहिरातींचा भाव बहुधा दर हजार वेळा दिसण्यामागे ठरतो. ठाण्यातल्या प्रेक्षकाला एक आणि नागपूरच्या प्रेक्षकाला दुसरी जाहिरात दाखवता येते, ही सोय टीव्हीवर सहसा नसते. वर्गणीदारही आता जाहिरातींतून सुटलेले नाहीत: प्राइम व्हिडिओने जून २०२५पासून भारतात जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर महिन्याला १२९ रुपये जादा आकारले.

उत्तर ३ (नेरूळ):
आपल्या आईंच्या मालिकांबद्दल एवढेच सांगतो, की झी मराठीची मालिका झी५वर किंवा स्टार प्रवाहची जिओहॉटस्टारवर येते, तेव्हा तिच्या खर्चाचा मोठा भार वाहिनीवरील जाहिरातींनी आधीच उचललेला असतो. ओटीटीवर होते ती त्याच मालाची दुसरी विक्री.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. आमच्याच कंपनीची ओटीटीविना असलेली योजना काढून दोन्ही बिलांतील फरक आज रात्री पाहतो.