मामाच्या मोबाइलवरून ओव्या येत नाहीत, सिंकथिंग मध्येच थांबतं

सिडकोकर:
आजी दिंडोरीकडे गावी असते, वय ८४. तिच्या जात्यावरच्या ओव्या मामा मोबाइलवर रेकॉर्ड करतो. कुणाच्या क्लाउडवर ठेवायच्या नव्हत्या, म्हणून दोघांच्या अँड्रॉइडवर सिंकथिंग टाकलं, म्हणजे एका फोनमधल्या फाइली थेट दुसऱ्यात उतरवणारं ॲप. एका वायफायवर होतो तोवर फाइली भराभर आल्या. आता मामा गावी, मी नाशकात. तीन-तीन दिवस काहीच येत नाही. त्यात मामाने जागा भरली म्हणून जुन्या फाइली उडवल्या, तर माझ्याकडच्याही गेल्या. अकरा ओव्या होत्या. आजीने परत म्हटल्या, पण दळताना आता तिला दम लागतो. काय करू?

जुना_नाशिककर:
आधी ॲप कुठलं ते बघा. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ पासून बंद आहे. एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या दुकानावरून सिंकथिंग-फोर्क, म्हणजे त्याचीच दुसऱ्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती घ्या. मग दोन्ही फोनवर त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. अँड्रॉइड ६ पासून स्क्रीन बंद होऊन फोन पडून राहिला की मागे चाललेल्या ॲपचं नेट अडवलं जातं. मामांकडे वायफाय नसेल तर ॲपमध्ये मोबाइल डेटाला परवानगी आहे का तेही बघा.

गंगापूररोड:
खरी अडचण वेगळी आहे. मधे फाइली साठवणारा सर्व्हर नाही, त्यामुळे दोन्ही फोन एकाच वेळी ऑनलाइन लागतात. मामा पहाटे नेट लावणार, तेव्हा तुमचा फोन झोपलेला. घरात जुना फोन असेल तर वायफायवर, चार्जरला लावून ठेवा आणि त्याला तिसरं डिव्हाइस म्हणून जोडा. मामाचं आधी तिथे येईल, तिथून तुमच्याकडे. बॅटरी फुगते का यावर मात्र लक्ष ठेवा. मोबाइल नेटवर थेट जोडणी झाली नाही तर रिलेमधून, म्हणजे फाइल न साठवता नुसती पुढे धाडणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमधून जातं. हळू जातं, पण एन्क्रिप्टेड असतं, रिलेवाल्याला ओव्या ऐकू येत नाहीत.
आणि हात जोडून सांगतो, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे उडवलं की दुसरीकडेही उडतं. जुन्या फोनवर त्या फोल्डरचं फाइल व्हर्जनिंग (दुसरीकडे उडवलेल्या फाइलीची प्रत राखून ठेवणं) आजच चालू करा. शिवाय महिन्यातून एकदा सगळं पेनड्राइव्हवर उतरवा.

सिडकोकर:
बायकोचा तडा गेलेला फोन देवघराशेजारच्या प्लगला लावलाय. व्हर्जनिंग चालू केलं. मामाला फोन करून बॅटरीचं सेटिंग बदलून घेतलं, वीस मिनिटं लागली. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिली फाइल आली. आधी नुसती जात्याची घरघर, मग आजीचा खाकरा, मग ओवी. दोघांचेही मनापासून आभार. पेनड्राइव्ह संध्याकाळी आणतो.