शब्दचर्चा : मोटरची ‘स्लिप’ म्हणजे घसरण, सरक की पिछाडी?

धोटा : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांमधल्या जॉबर (मागांची देखभाल करणारे) आणि फिटर मंडळींसाठी मोटरवर एक मराठी टिपण करतोय. ‘स्लिप’ आणि ‘पॉवर’ या दोन शब्दांपाशी अडलोय. स्लिपला मी ‘घसरण’ लिहिलं होतं. एका जॉबरनं वाचलं आणि म्हणाला, “मग पट्टा ताणून घ्या की ओ!” नेमप्लेटवर १४४० आरपीएम आहे, हिशेबानं १५०० येतात. मधले ६० कुठं गेले, हे त्याला समजेल असा शब्द हवाय.

तांब्याची तार : जॉबर बरोबर बोलला दादा. मागावर घसरतो तो पट्टा. पुली तापते, रबराचा वास सुटतो, तो बिघाडच. मोटरची स्लिप हा बिघाड नव्हे. ५० हर्ट्झचा सप्लाय आणि चार पोल (चुंबकीय ध्रुव), म्हणजे १२० गुणिले ५० भागिले ४, असे १५०० फेरे स्टेटरमधलं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागातलं, चुंबकीय क्षेत्र मिनिटाला मारतं. रोटर, म्हणजे फिरणारा भाग, त्याच्या मागं धावतो. त्यानंही १५०० गाठले, तर क्षेत्र आणि रोटरचे बार (त्यातल्या धातूच्या पट्ट्या) एकमेकांच्या तुलनेत जागेवरच. मग बारमध्ये व्होल्टेज तयार होत नाही, करंट नाही, जोर नाही. म्हणून त्याला मागं राहावंच लागतं. ६० भागिले १५००, म्हणजे ४ टक्के स्लिप. माझं मत ‘पिछाडी’ला.

सरळव्याज : ‘घसरण’ इतकी टाकाऊ नाही हो. रुपयाची घसरण, भावातली घसरण आपण रोज वाचतो, तिथं कोणी पट्टा ताणत नाही. ‘वेगातली घसरण ४ टक्के’ असं पूर्ण लिहा. ‘पिछाडी’ म्हटलं की शर्यत नाहीतर निवडणूक आठवते.

तांब्याची तार : ४ टक्क्यांपर्यंत तुमचं चालेल. पुढं बघा. मोटर १४४० वर असताना दोन फेज अदलाबदल केले, तर क्षेत्र उलटं फिरायला लागतं आणि रोटर अजून सुलट असतो. १५०० अधिक १४४०, भागिले १५००. स्लिप १९६ टक्के. वेगात १९६ टक्के घसरण कशी सांगणार? दुसरं, बाहेरून कोणी रोटरला १५०० च्या वर फिरवलं तर मोटर जनरेटर होते आणि स्लिप ऋण येते. ऋण पिछाडी म्हणजे आघाडी, मराठीत सरळ बसतं. ऋण घसरणीला काय म्हणायचं?

सरळव्याज : ऋण स्लिपचं मान्य. पण १९६ टक्के पिछाडीही कानाला विचित्रच लागते, हे तुम्हीही मान्य करा.

कांडी : अवांतर. ‘स्लिप रिंग मोटर’ या नावातली स्लिप वेगळी बरं का. तिथं रिंग फिरते आणि कार्बन ब्रश तिच्यावर घासत राहतो. तिथं ‘सरक’ शोभेल. टिपणात दोन्ही येणार असतील तर एकच मराठी शब्द वापरू नका.

धोटा : ‘पॉवर’चं काय? आमच्याकडं ‘पॉवर गेली’ म्हणजे लाइट गेली. शाळेच्या पुस्तकात ‘शक्ती’ आहे, पण ५ एचपीची मोटर ५ एचपी खाते असाच सगळ्यांचा समज.

तांब्याची तार : इथं नुसता ‘शक्ती’ अपुरा आहे. कुठली शक्ती ते जोडा. नेमप्लेटवरचे ५ एचपी, म्हणजे ३.७ किलोवॅट, ही शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, मिळणारी शक्ती. लाइनमधून मोटर जास्त घेते. एफिशियन्सी (कार्यक्षमता) ८५ टक्के धरली तर ३.७ भागिले ०.८५, साधारण ४.३५ किलोवॅट. ४१५ व्होल्ट आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरमधला खऱ्या शक्तीचा हिस्सा) ०.८ असेल तर क्लँप मीटरवर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायच्या मीटरवर, साडेसात अँपिअरच्या आसपास दिसायला हवेत.

आता स्लिपशी नातं. स्टेटरकडून हवेची फट ओलांडून रोटरला जेवढी शक्ती पोचते, तिचा स्लिपएवढा हिस्सा रोटरच्या बारमध्ये उष्णता होतो आणि उरलेली फिरण्याला मिळते. घर्षण बाजूला ठेवलं तर ३.७ भागिले ०.९६, म्हणजे ३८५४ वॅट फट ओलांडतात, त्यातले १५४ रोटरमध्येच जळतात. व्होल्टेज पडलं की मोटरचा जोर वर्गानं पडतो, १० टक्के कमी झालं तर ८१ टक्केच उरतो. माग तेवढाच जोर मागतो, म्हणून रोटर आणखी मागं पडतो. समजा १३८० वर आला. स्लिप ८ टक्के, रोटरमधली उष्णता ३०८ वॅट, शाफ्टवर ३५४६. वेग ४ टक्क्यांनी कमी, रोटरची उष्णता दुप्पट. वर स्टेटरही जास्त करंट ओढतो. मोटर जळाली की वायंडरला (मोटरची तार भरून देणाऱ्याला) बोल लावायच्या आधी एवढा हिशेब करा, ही आमच्या धंद्यातर्फे विनंती!

कांडी : टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) धरताना एक काळजी. स्लिप हा दोन मोठ्या आकड्यांतला लहान फरक असतो. सप्लाय ४९.९ हर्ट्झ असेल तर क्षेत्राचे फेरे १४९७, आणि १४४० वर स्लिप ३.८ टक्के येते, ४ नाही. टॅकोमीटरनं १० फेरे जास्त दाखवले तर ४ ची ३.३ होते. वारंवारता मोजल्याशिवाय दशांश लिहू नका.

धोटा : टिपणात असं ठेवतोय : “क्षेत्राच्या मानानं रोटर जेवढा मागं राहतो, ती स्लिप. हा बिघाड नव्हे, पट्ट्याशी संबंध नाही.” शब्द ‘स्लिप’च, ‘पिछाडी’ फक्त पहिल्यांदा समजावताना. शक्तीच्या जागी ‘लाइनमधून घेतलेली’, ‘फट ओलांडलेली’ आणि ‘शाफ्टवरची’. सूत्र : फेरे म्हणजे १२० गुणिले वारंवारता भागिले पोलच्या जोड्या.

सरळव्याज : जोड्या लिहायच्या असतील तर ६० करा. १२० ठेवायचे तर नुसते पोल. नाहीतर चार पोलची मोटर तुमच्या टिपणात ३००० नं फिरेल.