स्टील कट ओट्सचा नाष्टा कसा करायचा? मदत हवी आहे

शहापूरची_सून
नमस्कार मंडळी. नणंदबाईंनी बेंगळूरहून येताना स्टील कट ओट्सची दोन मोठी पाकिटं आणून दिलीत, मामंजींच्या शुगरसाठी. साधे चपटे ओट्स आमच्याकडं होतात अधूनमधून, उप्पीटासारखे परतायचे, पाच मिनिटांत काम संपतंय. हे प्रकरणच वेगळं आहे. रव्यापेक्षा जाड, टणक, आणि शिजायचं नाव घेत नाही. पाकिटावर लिहिलंय मंद आचेवर ३० मिनिटं, मधे मधे हलवत राहा. आता सव्वासातला मुलाची बस, ह्यांचा डबा, चहा दोनदा, त्यात अर्धा तास एक शेगडी अडकवून तिथं उभं कोण राहणार सांगा? कुकरला थेट लावले तर शिट्टीतून फेस उडून गॅस, टाइल्स सगळं पांढरं. पातेल्यात दूध घालून हलवत केले तर झाले, पण आत्ती म्हणाल्या ही तर पतंगाला लावायची खळ, आणि ताट सरकवून चुरमुरे घेऊन बसल्या. मामंजी बिचारे काही बोलत नाहीत, गिळतात.

तर मला एवढंच सांगा, पाणी किती, वेळ किती, सकाळी पटकन व्हायला रात्री काय करून ठेवता येईल, आणि मुख्य म्हणजे तिखट काय करता येईल? इंटरनेटवर बघावं तर सगळीकडं ब्लूबेरी आणि मेपल सिरप. आमच्या गल्लीत ब्लूबेरी कुठली मिळायला!

निपाणीची_काकू
अगं कुकरमध्ये थेट नको घालू, ते फेसाळतंयच, त्यातली पिठूळ खळ वर येती आणि शिट्टीत अडकती, ते धोक्याचं पण आहे. डब्यात लाव. वरणाचा डबा असतोय ना, त्यात १ वाटी ओट्स, ३ वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तूप. तुपानं फेस बसतो. डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही बघ, फुगतात. खाली नेहमीसारखं पाणी. भिजवलेले नसतील तर ३ शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून १० मिनिटं ठेव आणि वाफ आपली आपण जाऊदे, शिट्टी उचलायला जाऊ नको. मी तर खालच्या डब्यात तूरडाळ आणि वरच्यात हे, एका कुकरात दोन्ही कामं.

चिकोडी_फाटा
राग मानू नका ताई पण आमच्याकडं रब्बीत ओट लावतात ते म्हशींच्या चाऱ्याला 😀 आता तेच पाकिटात घालून आम्हालाच विकाय लागलेत. घरात ज्वारी असताना, नाचणीची आंबील असताना हा उद्योग कशाला म्हणतो मी. शुगरवाल्यांनी काय भाकरी खाऊ नये काय?

शहापूरची_सून
दादा ते सगळं खरं आहे हो, पण पाकिटं घरात आलीत आणि नणंदबाई दर रविवारी फोनवर विचारतात "खातात का बाबा". तेवढी संपवायची तरी सोय सांगा की.

खानापूर_रोडवरची
चिकोडी फाटा म्हणतात त्यातच उत्तर आहे खरं तर. ताई, तुम्ही ह्याला ओट्स समजून करताय म्हणून बिघडतंय. ह्याला ज्वारीच्या कण्या समजा. आपल्याकडं कण्या करतात, पलीकडच्या कन्नड घरांतून नुच्चु करतात, जाडसर भरडलेली ज्वारी मीठ घालून शिजवायची आणि ताक घालून खायची, ते तुमच्या आत्तींनी लहानपणी नक्की खाल्लं असणार. स्टील कट म्हणजे तरी काय, ओटचा आख्खा सोललेला दाणा पोलादी पात्यानं दोन-तीन तुकडे केलेला. बास. चपटे ओट्स आधी वाफवून रुळाखाली दाबलेले असतात म्हणून ते पाच मिनिटांत होतात, हे तसे दाबलेले नसतात म्हणून दाण्याच्या आत पाणी शिरायला वेळ लागतो. म्हणजे भरडधान्याची जी रीत तीच ह्याची रीत, भाजायचं, भिजवायचं, झाकून शिजवायचं, आणि हलवत बसायचं नाही. ते सारखं हलवणं इंग्रजी खिमटीसाठी असतं, हलवलं की पीठ सुटतं आणि गुळगुळीत होतं. आपल्याला मोकळं पाहिजे तर चमचा लांब ठेवायचा.

मी करते ते असं. रात्री जेवणं उरकली की जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तूप, त्यात १ वाटी ओट्स मंद आचेवर भाजायचे, रंग फार बदलत नाही पण शेंगदाणे भाजल्यासारखा वास सुटतो, तो आला की थांबायचं. मग ३ वाट्या उकळतं पाणी (उकळतंच पाहिजे, आणि हात लांब ठेवा, एकदम फस्सकन वाफ येती), मीठ, एक उकळी, गॅस बंद, घट्ट झाकण. रात्रभर तसंच. निवल्यावर मात्र फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी दाणे फुगून पाणी बहुतेक पिऊन टाकलेलं असतं, अर्धी वाटी पाणी घालून ८-१० मिनिटं झाकून शिजवा, तेवढ्यात चहा होतो. दाणा शिजला तरी दाताखाली किंचित लागणारच, तो कच्चा राहिला म्हणून अजून शिजवत बसू नका, ती त्याची जातच आहे.

आता खायचं कसं. थोडं कोमट होऊ द्या, वर घट्टसर ताक, आणि फोडणी. तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण भरपूर, सुकी ब्याडगी मोडून, कढीपत्ता. लसूण तांबूस झाला की चर्रकन वरून ओतायची. बाजूला जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी आणि चिरलेला कांदा. दूध-साखर घातली की ओट्सचा तो ओला पुठ्ठ्यासारखा वास जास्त येतो असं माझं मत, ताक-लसणात तो कुठल्या कुठं जातो. आमच्या घरी हे खाताना ओट्स आहेत हे पाहुण्यांना सांगावं लागतं.

उप्पीट पण होतं, पण त्याला पाणी कमी. रात्री साध्या पाण्यात भिजवून सकाळी चाळणीवर निथळून घ्या, कांदा-मिरची-गाजर-मटार फोडणीत परतून त्यात ते टाका, वाटीला दीड वाटी गरम पाणी, झाकून १२-१५ मिनिटं. शेवटी लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर.

शहापूरची_सून
बापरे, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं, थँक्यू ताई. कण्या आत्तींना माहीत आहेत, त्यांच्या माहेरी हुक्केरीकडं व्हायच्या. अजून एक, मामंजींना गोड खायची फार हौस, गव्हाची खीर म्हणजे जीव की प्राण. ओट्सची तशी खीर गूळ घालून दिली तर चालेल ना? गूळ तर साखरेपेक्षा बरा म्हणतात.

अनगोळ_नाका
गुळाबद्दल आधी सांगतो, शुगर असलेल्या माणसाला गूळ आणि साखर ह्यात नावापुरताच फरक, दोन्हीनं रक्तातली साखर वाढतेच. सणावाराला थोडी खीर ठीक आहे, रोजच्या नाष्ट्याला नको. घरात आई आणि मोठे भाऊ दोघं शुगरचे, त्यामुळं हे सगळं पाठ झालंय.

आणि ओट्स म्हणजे औषध नव्हे हेही लक्षात ठेवा. ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये २५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात, ४ ग्रॅमच्या आसपास फायबर, ५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. फायदा आहे तो त्यातल्या बीटा ग्लुकान नावाच्या विरघळणाऱ्या फायबरचा, जो तुमच्या टाइल्सवर चिकटला 😀 तोच चिकटपणा पोटात अन्न सावकाश पुढं सरकवतो. कोलेस्टेरॉलसाठी रोज ३ ग्रॅम बीटा ग्लुकान उपयोगी धरतात, अमेरिकेच्या एफडीएनं (तिथलं सरकारी अन्न-औषध खातं) १९९७ मध्ये पाकिटावर हृदयाच्या फायद्याचं लिहायला परवानगी दिली ती ह्याच आकड्यावर, तेवढं साधारण ६० ग्रॅम ओट्समधून मिळतं. चपटे आणि स्टील कट, धान्य एकच, फायबरही जवळपास सारखंच. फरक एवढाच की तुकडा जाड असल्यानं पचायला वेळ लागतो आणि साखर हळू चढते. झटपट मसालावाल्या पुड्यांत ते राहत नाही, वर मीठ जास्त.

म्हणून मामंजींना छोटी वाटी द्या, सोबत ताक, मोड आलेली मटकी नाहीतर अंडं, आणि पहिल्या काही दिवसांत खाल्ल्यावर दोन तासांनी मीटरवर बघा. प्रत्येकाचं वेगळं येतं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.

निपाणीची_काकू
खीर करायचीच झाली कधी, तर खपलीच्या खिरीसारखीच कर. आधी पाण्यात पूर्ण मऊ शिजव, मग गूळ. आधी गूळ पडला की दाणा आवळतो, मग कितीही शिजव. आणि दूध सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, नाहीतर गुळानं फाटायचं. वेलदोडा, जायफळ, खसखस, खोबऱ्याचे काप. ह्या बाबांनी सांगितलं म्हणून गूळ बेतानं घाल.

टिळकवाडी_तिसरं_गेट
अप्पे करा अप्पे, मुलं पण खातात. २ वाट्या ओट्स, १ वाटी तांदूळ, १ वाटी उडीद, थोडी मेथी, ५-६ तास भिजवून वाटायचं आणि रात्रभर आंबवायचं. नुसत्या ओट्सचं पीठ नीट फुगत नाही, तव्याला धरतंय पण, म्हणून तांदूळ-उडीद पाहिजेच. जास्त बारीक वाटू नका, रवाळ ठेवा. बरोबर शेंगाचटणी आणि दही. डोसा जमतो पण पातळ पसरायला जाऊ नका, जाडच घाला.

चिकोडी_फाटा
मंडळी तोंडाला पाणी सुटलं. ताई, म्हशीचं ताक पाहिजे असलं तर सांगा, तिला ओटच घालतो 😀

शहापूरची_सून
अपडेट देते. काल रात्री भाजून उकळतं पाणी घालून ठेवले, सकाळी दहा मिनिटांत झाले, खाली अजिबात धरले नाहीत. ताक आणि लसणाची फोडणी. आत्तींनी आधी चमच्याच्या टोकावर घेऊन बघितलं, मग म्हणाल्या लसूण अजून पाहिजे होता, आणि स्वतःच उठून फोडणीची पळी गॅसवर ठेवली. म्हणजे पास. मामंजींनी दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा मीच नको म्हटलं, अनगोळवाल्या दादांचं वाचलं होतं ना. ह्यांना मात्र दाताखाली आलेलं आवडलं नाही, ते पोहे खातील, आनंद आहे.

आता दोन शंका. एकदम जास्त शिजवून ठेवले तर किती दिवस टिकतात? आणि दुसरं पाकीट अजून फोडलं नाही, जूनच्या आत काही संपत नाही, आपल्याकडचा पाऊस म्हणजे मिठाला पण पाणी सुटतंय.

खानापूर_रोडवरची
शिजवलेले, फोडणी-ताक न घातलेले, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ४ दिवस आरामात. गार झाले की वडीसारखे घट्ट होतात, घाबरू नका, गरम पाण्याचा हबका मारून चांगली वाफ आणा, सुटतात. लागतील तेवढेच बाहेर काढा, सगळा डबा रोज गरम-गार करू नका.

कोरड्याचं म्हणाल तर ओट्समध्ये तेलाचं प्रमाण तांदळा-गव्हापेक्षा जास्त, म्हणून ते खवट होतात. पाकीट फोडलं की काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्येच ठेवा. दुसरं न फोडता कोरड्या जागी, तारीख बघून. वापरायच्या आधी चिमूटभर तोंडात टाकून बघा, कडसर लागले तर सरळ चिकोडी फाट्याला पाठवा.

चिकोडी_फाटा
खवट आमची म्हस पण खात नाही वो.