हुशार पोरीले दहाव्या वर्षी घराबाहेर काढाचं काहून? (नवोदय की गावातली शाळा)

कास्तकार_आर्णी
पोरगी चौथीत आहे, गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत. डोकं भल्ली तेज. आता जो भेटते तो म्हणते आत्तापासून नवोदयचा (सरकारी हॉस्टेलवाली शाळा) क्लास लावा, पाचवीत परीक्षा देऊ द्या, सहावीपासून तिकडं राहीन, लाइफ बनून जाईन. मले हे पटत नाई. हुशार लेकराले पयले घर लागते, शाळा मंग.

मागच्या हंगामात सोयाबीन विकाले ती संगं आली होती. व्यापाऱ्यानं ओल आहे म्हणून भाव कमी लावला, आन वरतून क्विंटलमागं कट्टी (वजनात कपात) बी धरली. ही काट्याजवळ उभी राहून म्हणते, बाबा, एकाच ओलीचे पैसे दोनदा काहून कापले? मी गप झालो, व्यापारी बी गप. पण त्याच रात्री तिले झोप नाई. माय जवळ बसली त विचारते, भाव असाच राहिला त बँकेचं कर्ज कसं फिटन, आन बाबा कधी जिवाचं बरंवाईट त नाई ना करणार. गावात तसं एकदा झालं होतं, आमाले वाटे लेकराले काय समजते. आकडे तिले मोठ्या माणसाइतके समजतात, पण समजल्यावर जी भीती वाटते ती झेलाले ती लहानच आहे ना. अशा पोरीले हॉस्टेलात रात्री कोण जवळ घेईन?

नवोदय_माजी_विद्यार्थी
दादा, काळजी समजते, पण मी पूर्ण विरोधात आहे. देशात 1985-86 ला सगळ्यात आधी ज्या दोन नवोदय सुरू झाल्या त्यातली एक आपल्या अमरावतीची, दुसरी हरियाणात झज्जरची. ह्या शाळा खेड्यातल्याच लेकरांसाठी काढल्या, 75 टक्के तरी जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, राहणं-खाणं-पुस्तकं सगळं फुकट. कास्तकाराच्या घरात एवढं कोण देणार?

आणि घर घर म्हणता तर माझं सांगतो. गावात मी वर्गात प्रश्न विचारला की पोरं म्हणत आला शहाणा, सर म्हणत बस खाली, सिलॅबसमध्ये नाही ते. मी विचारणंच सोडून दिलं होतं. नवोदयला पहिल्या दिवाळीपर्यंत खूप रडलो हे खरं आहे, लपवत नाही, पण तिथं पहिल्यांदा माझ्यासारखी पोरं भेटली, चंद्रग्रहणावरून रात्री पलंगावर बसून भांडायचो. घरात माय-बाप असूनही लेकरू एकटं पडू शकते, त्याचं काय करणार? तुमच्या मुलीला गावात तिच्या बरोबरीचं बोलायला कोण आहे ते आधी सांगा.

दोनशिक्षकी_बाई
मी घाटंजी साइडला दोनशिक्षकी शाळेत आहे. दोघांचंही थोडं थोडं पटतं पण गावच्या शाळेत काही होतच नाही असं जे धरून चाललेत ते चूक आहे.

आरटीईमुळे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामुळे, वयाप्रमाणेच वर्ग द्यावा लागतो, हजेरीवर तिला वर चढवता येत नाही, मान्य. पण आमच्याकडे तिसरी-चौथी-पाचवी एकाच खोलीत बसते, मग चौथीची मुलगी गणिताला पाचवीच्या रांगेत बसली तर कोण अडवणार आहे? कोणाला वेगळं वाटत पण नाही. माझ्याकडे एक मुलगा होता, पाच मिनिटात सगळं संपवून बाकीच्यांना चिमटे काढायचा. त्याला म्हटलं आपल्या गोल टाकीत पाणी किती मावतं ते काढून दे. त्यानं सुतळीनं घेर मोजला, आडवं माप घेतलं, मग टाकीच्या खोलीवर अडला, काठीला खडूच्या खुणा करून तीही मोजली, शेवटी खरं-खोटं करायला बादल्या मोजत बसला आणि उत्तर जुळेना म्हणून रडकुंडीला आला. सापडलं की आतला गिलावा त्यानं धरलाच नव्हता. दोन दिवस चिमटे बंद.

आमचे बरेच शिक्षक करतात ते मात्र करू नये, लवकर संपलं की अजून तशीच वीस गणितं द्यायची, नाहीतर कच्च्या मुलांना शिकवायला बसवायचं. लेकरू लवकरच शिकतं की हळू केलेलं बरं.

सालईवाला
राग येईन पण बोलतो. माझ्या पोराले चौथीत धड वाचता येत नाई. दोन मास्तर, त्यात एक कायम मीटिंगले नाईतर ऑनलाइन माहिती भरत बसलेला. मास्तरचं लक्ष पयले कोणाकडे पायजे? हुशार पोट्टं कसंबी शिकते, माझं राहून जाते. तुमी सगळे हुशाराचीच चिंता करून रायले.

दोनशिक्षकी_बाई
दादा, तुमच्या पोराचा हक्क पहिला, त्यात वादच नाही. पण हुशार आपोआप शिकतं हे खरं नाही हो. मुली तर जास्तच लपवतात, येत असून हात वर करत नाहीत.

समुपदेशक_यवतमाळ
आर्णीच्या दादांच्या मुलीचं जे आहे ते अशा मुलांमध्ये नेहमी दिसतं, बुद्धी वयाच्या पुढे पळते, मन वयाच्याच जागी राहतं. कर्जाबद्दल विचारलं तर "तू नको विचार करू" म्हणून उडवू नका, ती अजून घाबरेल. किती कर्ज आहे, कसं फेडणार आहोत, बाबा कुठेही जाणार नाहीत, हे साध्या शब्दात सांगा. आणि "किती हुशार आहेस" यापेक्षा "किती वेळ चिकटून बसलीस" हे जास्त म्हणा.

माझा आक्षेप परीक्षेला आहे. दोन तासात 80 प्रश्न, आणि सहावीच्या नवोदयची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. राहिली की दहा वर्षांचं लेकरू समजतं मी हुशार नव्हतेच. 1921 मध्ये कॅलिफोर्नियात टर्मन या मानसशास्त्रज्ञाने बुद्ध्यांक मोजून हुशार मुलं निवडली होती, त्यात शॉक्ली आणि अल्वारेझ ही दोन मुलं बसली नाहीत, पुढे दोघांनाही फिजिक्सचं नोबेल मिळालं, 1956 आणि 1968 ला. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही.

नवोदय_माजी_विद्यार्थी
मॅडम, परीक्षा अपुरी आहे हे मान्य, पण पर्याय काय? 2020 च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की अशा मुलांसाठी शाळेपासून जिल्ह्यापर्यंत विषयांची मंडळं (क्लब) असावीत. आमच्या तालुक्यात एक दाखवा. पुण्यात हुशार मुलांसाठीची ज्ञानप्रबोधिनी संस्था 1962 पासून आहे, तिथल्या पोराला सायकलवर जाता येतं. आर्णीच्या पोरीनं कुठं जायचं?

कास्तकार_आर्णी
सगळ्याइचं वाचलं. बाईंचं टाकीचं भल्ली आवडलं, मास्तरले दाखवतो. मॅडम म्हणतात तसं कर्जाचं तिच्यासंगं बोलतो, आमी लपवत होतो. गावात राहिली त आठवीत एनएमएमएस ही सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा देईन, निवड झाली त नववीपासून वर्षाले 12,000 मिळतात, ते नवोदयच्या पोराइले नाई मिळत. तरी फॉर्म भरतो, क्लास मात्र लावणार नाई, तिले वाटलं त देईन.

नवोदयवाले भाऊ, एकच सांगा. रात्री पोरगी घाबरून उठली त पोरींच्या हॉस्टेलात मोठं माणूस कोण राहते?

नवोदय_माजी_विद्यार्थी
हाउस मिस्ट्रेस मॅडम असतात, जवळच क्वार्टर असते. पण खरं सांगायचं तर त्या दिवसभर वर्गही घेतात आणि मुली खूप असतात. बहुतेक वेळा मोठ्या वर्गातली ताईच उठते.

कास्तकार_आर्णी
मंग माझा मुद्दा अजून तसाच उभा आहे.