मोठ्या गाड्यांना आवर घालायचा तर कोणता कर लावावा?

कोथरूडकर
आमच्या सोसायटीतील पार्किंगच्या जागा जुन्या, लहान गाड्यांच्या मापाने आखलेल्या आहेत. तिथे साडेचार मीटरहून लांब एसयूव्ही उभी केली की तिचे नाक वाटेत येते आणि शेजारच्या गाडीचे दार पुरते उघडत नाही. अशातच २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरील कर, पूर्वी उपकरासह ५० टक्के होता तो, ४० टक्क्यांवर आला. मग त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा उपाय कोणता उरतो?

गॅरेजवाला
छोट्या गाड्यांचाही कर २९-३१ टक्क्यांवरून १८ वर उतरला, त्यामुळे दोहोंतील अंतर जवळपास तेवढेच राहिले आहे. खरी उणीव निकषात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतील लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि दोनच वर्षांत टाटांनी डिकी आखूड केलेली इंडिगो सीएस बाजारात आणली. पुढे त्याच चार मीटरांत उंच, रुंद एसयूव्ही बसवल्या गेल्या. कंपन्या कराच्या मापाबरहुकूम गाडी बेततात, म्हणून मापात वजनही हवे.

सीनकाठचा
पॅरिसने वजनच धरले. फेब्रुवारी २०२४ मधील मतदानात सुमारे ५४ टक्के कौल बाजूने पडला (मतदान मात्र सहा टक्क्यांच्याही आत!) आणि ऑक्टोबरपासून १.६ टनांहून जड गाडी मध्यवर्ती भागात उभी करायला तासाला १८ युरो पडू लागले. विजेवरील गाडीसाठी मर्यादा २ टनांची आहे. परंतु आपल्याच भागात गाडी लावणाऱ्या परवानाधारक रहिवाशांना यातून सूट असल्याने भुर्दंड मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांना बसतो. मालकीला चाप लावण्यासाठी तिथे नोंदणीच्या वेळी वजनावर वेगळा कर आहे.

कोथरूडकर
आपल्याकडेही आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन असतेच. महाराष्ट्रातील एकरकमी वाहन कर मात्र किंमत आणि इंधन पाहून ठरतो, आणि तो एकदा कर्जाच्या हप्त्यांत मिसळला की पुन्हा कुणाला टोचत नाही. वजनावर वार्षिक कर लावला तर?

माणदेशी
तर आमच्या गावाकडे वाड्यावस्त्यांवरची अख्खी घरे घेऊन फिरणारी बोलेरोही त्यात सापडेल, आणि तिथे जागेची काहीच अडचण नाही. पैसे शहरातील रस्त्यावर गाडी उभी करण्याचे, वजनाप्रमाणे आणि रहिवाशांना सूट न देता घ्यावेत. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये मंजूर केलेले पार्किंग धोरण जिथे अंमलबजावणीतच रखडले, तिथे ही तरतूद मंजूर करून घेणारा नगरसेवक मात्र आपणच शोधावा.