मदत हवी आहे: समुद्रातली गाबोळी (माशाची अंडी) आणि तळ्यातली गाबोळी, पोषणात फरक किती?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय. तपासणीत ब-12 आणि ड दोन्ही जीवनसत्त्वं कमी आली. गोळ्या चालू आहेत, मासे खायला डॉक्टरांची हरकत नाही. तिला गाबोळी फार आवडते, तेव्हा आठवड्यातून एकदा करून घालावी असं आईच्या मनात आहे.

अडचण पावसाळ्याची. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे सुरमई-घोळीची गाबोळी मिळते ती बर्फातली. रोहू-कटल्याची मात्र याच दिवसांत ताजी आणि भरपूर. हे मासे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात. तळ्यात अंडी पिकतात, पण प्रवाहच नसल्याने ती पोटातच राहतात.

आमच्या कोळीण मावशी ठामपणे सांगतात, "तळ्याच्या गाबोळीत दम नाय, ताई. समुद्राचीच न्या." शेजारच्या काकूंना समुद्रातल्या पाऱ्याची धास्ती. दोघींना बहिणीची काळजी आहे, म्हणून कुणाचंच म्हणणं सोडवत नाही.

अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात 100 ग्रॅम कच्च्या गाबोळीत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं आणि 10 मायक्रोग्रॅम ब-12 दिलंय. म्हणजे ब-12 दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट. पण हे आकडे निरनिराळ्या माशांचे एकत्र आहेत, समुद्र आणि तळं असा भेद त्यात नाही. बाळाच्या मेंदूसाठी लागणारं डीएचए (ओमेगा-3 प्रकारची चरबी) कोंडा-पेंडीवर वाढलेल्या रोहूच्या अंड्यांत उतरतं का? की बर्फातली सुरमईचीच आणावी? कुणी या विषयात शिकलं असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद १
मत्स्यशास्त्र शिकलोय, म्हणून लिहितो. प्रथिनांत फार फरक पडत नाही, पिल्लू घडायला ती लागतातच. फरक पडतो चरबीत. मादी जे खाते तेच अंड्यांच्या चरबीत उतरतं. समुद्रात डीएचए सूक्ष्म शेवाळापासून सुरू होऊन लहान माशांतून मोठ्यांत येतं. तळ्यात तांदळाचा कोंडा आणि शेंगदाणा किंवा सरकीची पेंड घालतात, तिथे डीएचएऐवजी ओमेगा-6 ही दुसऱ्या प्रकारची चरबी वाढते. रोहू-कटल्याच्या शरीरात थोडं डीएचए तयार होतं, त्यामुळे अंड्यांत ते अगदीच नसतं असं नाही, पण समुद्राची बरोबरी नाही. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं, तेही बरंचसं मादीच्या खाण्यावर. इथवर मावशींचं बरोबर आहे.

पारा मुख्यतः मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, गाबोळीत मांसापेक्षा कमी सापडतो. काकूंची भीती मोठ्या सुरमईच्या तुकड्यांबाबत जास्त खरी.

माझं मत विचाराल तर उजनीसारख्या धरणातला कटला शोधा. बीज (माशाची पिल्लं) माणसांनी सोडलेलं असलं तरी पुढे तो पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवरच वाढतो, पेंडीवर नाही. मिळाला नाही तर बर्फातली समुद्राची चालेल, फक्त वास आंबूस नको आणि पडदा फाटलेला नको. कुठलीही आणा, आधी पूर्ण उकडा, मग काप तळा. गरोदरपणात आतून कच्ची अजिबात नको.

मूळ धागाकर्ती
मनापासून आभार. धरणातल्या कटल्याची चौकशी उद्याच करते. पुण्यात उजनीकाठच्या भिगवणचा माल नेमका कुठे येतो, आणि विकणाऱ्याकडे तो तळ्यातला नाही हे ओळखायचं कसं? माहीत असेल त्यांनी लिहा.