एमआरआय करून टाकू का? (आमचा फोंड्याचा सोसायटी ग्रुप)

सोमवार

मंगल, बी-३०३: एक विचारायचंय, हसू नका हां कोणी. गेले दोन-अडीच महिने माझं डोकंच चालत नाहीये. दुखत नाही, चक्कर नाही, पण आत कापूस कोंबल्यासारखं वाटतं. काल हुमणात मीठ दोनदा घातलं, ह्यांनी एक घास खाल्ला आणि काही न बोलता ताट सरकवलं. आज लेकीला म्हटलं ते दे गं, ते नारळाचं, ते खोवायचं... आदोळी हा शब्दच येईना तोंडात, आंघोळ करताना आठवला. वाचलं तर ह्याला ब्रेन फॉग म्हणतात. परवा ग्रुपवर ती ब्रेन एमआरआयची सूटवाली जाहिरात आलेली, करून टाकू का?

प्रसाद, ए-२०१: करून टाका वहिनी, एकदा काय ते कळलं की डोक्याला ताप नको

आबा, बी-००१: रात्री पाच बदाम भिजत घालायचे, सकाळी सालं काढून. आणि ब्राह्मी. आमच्या आईला नव्वदीपर्यंत सगळ्या गावाच्या सोयरिकी पाठ होत्या.

सेक्रेटरी: उद्या टँकर ७ ला येणार, गेटसमोर गाड्या लावू नयेत 🙏

शर्मिला, ए-३०१: प्रसाद, डोक्याला ताप नको म्हणून मी पण केलेला गेल्या वर्षी, डोकं दुखायचं म्हणून, कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःच जाऊन. रिपोर्टात एक छोटी सिस्ट आली. दोन महिने झोप नाही. शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही जन्मापासूनच असणार, तिचा आणि डोकेदुखीचा काही संबंध नाही. चष्म्याचा नंबर वाढलेला!!

प्रसाद, ए-२०१: 😂😂 सॉरी

सिस्टर, बी-१०२: मंगल गे, आधी सांग गोळ्या कुठल्या चालू आहेत. सगळ्या. सर्दीची पण.

मंगल, बी-३०३: शुगरची मेटफॉर्मिन सहा वर्षं. बीपी नाही. आणि पाऊस सुरू झाल्यापासून रात्री एक लिवोसेट्रीझिन, भिंतीला बुरशी आलीय ना, सकाळी शिंकाच शिंका. ती साधीच आहे, डॉक्टरांनी दिलेली, गेल्या वर्षी

सिस्टर, बी-१०२: गेल्या वर्षीची चिठ्ठी यंदा चालू, छान. झोप?

मंगल, बी-३०३: रात्री दोनला घामाने उठते, पंखा पाचवर असला तरी. पाळी पण आता कधी येते कधी नाही. अठ्ठेचाळीस पूर्ण झाली.

सिस्टर, बी-१०२: आता ऐक, मोठं लिहिते. मी गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, मेडिसिन वॉर्डात एकतीस वर्षं काढली, डॉक्टर नाही, पण बघितलंय खूप. ब्रेन फॉग हे काही आजाराचं नाव नाही, ताप आला म्हणतो तसं आहे, ताप कशाचा ते शोधावं लागतं. आणि तुझ्या ह्या एका मेसेजात चार कारणं बसलीत. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की काही जणांचं बी१२ खाली जातं, त्यात तू मासे खातेस पण सोमवार, गुरुवार, श्रावण, संकष्टी धरून महिन्याचे किती दिवस उरतात ते तूच मोज. सर्दीची गोळी रात्री घेतली तरी काही जणांना सकाळी सुस्ती राहते, जुन्या टाइपच्या गोळ्यांनी तर जास्तच. पाळी जायच्या वयात शब्द अडकणं, लक्ष न लागणं हे खूप बायकांना होतं, आमच्या वेळी कोणी बोलायचं नाही एवढंच. आणि दोनला उठणाऱ्या माणसाचं डोकं अकराला चालेल कसं? ह्यातलं एक तरी एमआरआयमध्ये दिसेल का, सांग. बी१२ कमी आहे असं सहसा त्या फिल्मवर दिसत नाही, थायरॉईड दिसत नाही, झोप दिसत नाही. आधी रक्त दे. सीबीसी, बी१२, थायरॉईडची टीएसएच, तीन महिन्यांची शुगर, सोडियम, कॅल्शियम, किडनी-लिव्हर. आणि गोळ्यांची पिशवी उचलून जशीच्या तशी डॉक्टरांच्या टेबलावर ओत. मनाने काही बंद करू नको.

मंगल, बी-३०३: पण सिस्टर भीती वाटते हो, ट्यूमर वगैरे असला तर

सिस्टर, बी-१०२: मग विचारते तेवढ्याचं उत्तर दे. डोकं पहाटे जास्त दुखतं का, उलटीसकट? फिट आली? एका बाजूचा हात-पाय जड? बोबडी वळते? नजर डबल होते? चालताना तोल जातो? आधी कधी कॅन्सर झालाय? डोक्याला मार?

मंगल, बी-३०३: नाही. एकही नाही

सिस्टर, बी-१०२: मग रक्त आधी. डॉक्टरांनी तपासून, पायावर हातोडी मारून वगैरे, स्कॅन सांगितला तर जरूर कर, तेव्हा मी तुझ्याबरोबर येईन. पण जाहिरात बघून नको.

प्रसाद, ए-२०१: सिस्टर पण सीटी आणि एमआरआय मध्ये फरक काय, बाबांना मागे सीटी सांगितलेला

सिस्टर, बी-१०२: सीटी पाच मिनिटांत होतो, ताजा रक्तस्राव, हाड मोडलेलं लगेच कळतं, म्हणून इमर्जन्सीत तोच आधी. त्यात एक्स-रे असतात, उगाच गंमत म्हणून करायचा नाही. एमआरआयला रेडिएशन नाही पण अर्धा तास त्या नळकांड्यात खडखडाट ऐकत पडायचं, बारीक गोष्टी जास्त दिसतात. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. आणि एक, तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं फिसकटलं, असं अचानक झालं तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, १०८ लावायचा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि बांबोळीला पोचेपर्यंत बाणस्तारीच्या पुलावरच किती वेळ जातो ते सगळ्यांना माहीत आहे.

शर्मिला, ए-३०१: माझा प्रश्न, घरातला माणूस रात्रभर घोरत असेल आणि दिवसा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपत असेल तर? त्याला पण काही आठवत नाही, विशेषतः भाजी आणायची

प्रसाद, ए-२०१: ते अख्ख्या ए विंगला ऐकू येतं वहिनी

सिस्टर, बी-१०२: त्याची झोपेची तपासणी करून घे, खरंच सांगते. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल तर मेंदूला रात्रभर विश्रांतीच मिळत नाही. भाजीचं मात्र माहीत नाही.

आणि आमच्या वॉर्डात एक मोठ्या सिस्टर होत्या, त्या म्हणायच्या, मला विसरायला होतं असं जो स्वतः तारीखवार सांगतो त्याची काळजी मी कमी करते. जो म्हणतो मला काय झालंय, मी ठणठणीत, आणि मागे उभी त्याची बायको डोळ्यांनी नाही नाही करते, त्याची जास्त.

दीपक, ए-००२: सिस्टर हे वाचून विचारतो. आमचे बाबा. म्हणजे ते काही बोलत नाहीत. पण आठ दिवस झाले दुपारभर झोपूनच असतात, उठवलं तर चिडतात. परवा पोदेर, पाववाला, आला तेव्हा एकाच पायात चप्पल घालून खाली गेले, त्यांना कळलंच नाही. पैसे पण दोनदा दिले. आम्ही म्हटलं वय झालं, ७६. त्यांना विचारलं तर म्हणतात मला काय धाड भरलीय

सिस्टर, बी-१०२: दीपक, ते पागोळीखाली शेवाळावर घसरले होते ना? कधी?

दीपक, ए-००२: तीन आठवडे झाले असतील. डोक्याला थोडं टेंगूळ आलं होतं, बर्फ लावला, दुसऱ्या दिवशी नॉर्मल होते

सिस्टर, बी-१०२: आणि अँजिओप्लास्टी झालीय त्यांची. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू?

दीपक, ए-००२: हो दोन

सिस्टर, बी-१०२: चालताना पाय घासतात का

दीपक, ए-००२: आई म्हणते उजवा

सिस्टर, बी-१०२: गाडी काढ. आत्ता. उद्या सकाळी नको. मी खाली येतेय. गोळ्यांची पाकिटं आणि जुनी फाईल घे.

आबा, बी-००१: काय झालं?

शर्मिला, ए-३०१: सिस्टरना आता फोन करू नका कोणी प्लीज

मंगळवार

सेक्रेटरी: टँकर आला. ज्यांची पांढरी स्विफ्ट गेटसमोर आहे त्यांनी कृपया

सिस्टर, बी-१०२: रात्रभर बांबोळीला होते, आत्ता आले. दीपकने सांगायला हरकत नाही म्हटलंय म्हणून लिहिते. सीटीत डाव्या बाजूला कवटीच्या आत रक्त साचलेलं दिसलं, जुनं, काळपट, हळूहळू जमलेलं. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, छोट्या धक्क्याने एखादी फाटते, गोळ्यांमुळे पाझर थांबत नाही, आणि पडल्याचं सगळे विसरून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्रास सुरू होतो. डावीकडचा दाब म्हणून उजवा पाय. न्यूरोसर्जरीवाले आज भोक पाडून ते काढतील. गोळ्यांचं काय करायचं ते हृदयाचे डॉक्टर आणि हे मिळून ठरवतायत.

मंगल, बी-३०३: देवा म्हाळसा 🙏 आणि मी मीठ घेऊन रडत होते

सिस्टर, बी-१०२: तू विचारलंस म्हणून दीपकने वाचलं. रक्त दिलंस?

मंगल, बी-३०३: आत्ता लॅबमध्येच बसलेय

शुक्रवार

मंगल, बी-३०३: बी१२ आलं १४८. २०० च्या वर पाहिजे म्हणे. थायरॉईड ठीक. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली, सर्दीची गोळी बदलली, पाळीचं बघायला वेगळ्या डॉक्टरकडे पाठवलंय. एमआरआयचं मीच विचारलं तर म्हणाले सहा-आठ आठवड्यांनी या, फरक पडला नाही किंवा काही नवीन सुरू झालं तर बघू

आबा, बी-००१: बदाम?

मंगल, बी-३०३: बदाम पण खातेय आबा

दीपक, ए-००२: बाबा आयसीयूतून वॉर्डात आले. काल नर्सला महिना, वार, मुख्यमंत्री सगळं बरोबर सांगितलं. आणि आज सकाळी पहिलं वाक्य काय तर इस्पितळातला पाव पाव नव्हे.

पोदेराला कोणीतरी सांगा, ए-००२ चे चार उंडे बंद करू नको. आणि त्या दिवशीचे जास्तीचे पैसे त्याच्याकडे जमा आहेत, बाबांना आठवलेत.